कापडी फुले : उरलेल्या तुकड्यांचा सदुपयोग

पाच हजारांचा समुदाय तृप्त झाल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले. काहीही वाया जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता (योहान ६:१२). ज्याने विपुल दिले, त्यानेच उरल्यासुरल्याचीही काळजी वाहिली. शिवणकामानंतर आपल्या घरी साठणाऱ्या सुंदर तुकड्यांकडेही ह्याच दृष्टीने पाहता येईल. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ ह्या परिपत्रकात वस्तू टाकून न देता तिचा पुन्हा उपयोग करणे ही प्रेमाची कृती ठरू शकते, असे शिकविले आहे.

फूल कसे करावे?

१. सुती कापड धुऊन, हलकी खळ देऊन इस्त्री करावे.

२. आठ सेंटिमीटर व्यासाची पाच वर्तुळे कापावीत.

३. प्रत्येक वर्तुळाची मधोमध घडी घालून गोलाकार कडेने धावदोरा घालावा. दोरा न तोडता त्यावरच पुढील पाकळी ओवावी.

४. पाचही पाकळ्या झाल्यावर दोरा ओढून चुण्या पाडाव्यात आणि पहिली पाकळी शेवटचीला जोडून गाठ मारावी.

५. मध्यभागी जुने बटण किंवा मणी शिवावा. कापडाच्या उसवणाऱ्या कडा आपोआप आत झाकल्या जातात.

तुकडा लहान असल्यास एकाच वर्तुळाची कड किंचित आत दुमडून धावदोरा घालावा व दोरा ओढावा. मूळ वर्तुळाच्या साधारण निम्म्या आकाराचे चपटे फूल तयार होते. शक्यतो सुती कापड वापरावे. कृत्रिम धाग्याचे कापड प्लास्टिकप्रमाणेच मातीत कुजत नाही.

उपयोग कोठे करावा?

घरातील पवित्र मरियेच्या प्रतिमेला मे व ऑक्टोबर महिन्यांत ही फुले शोभून दिसतात. नाताळच्या गोठ्याभोवती ती मांडता येतात व पुढील वर्षासाठी जपूनही ठेवता येतात. मात्र पेटत्या मेणबत्तीपासून ती दूर ठेवावीत. थोड्या मोठ्या तुकड्यांतून रोझरी ठेवण्याची पिशवी होते. उरलेल्यांची गोधडी तर आपल्या आजीच्या पिढीने आपल्याला शिकविलीच आहे.

चर्चमधील वेदीसाठी मात्र विवेक हवा. रोमन मिस्सग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांनुसार (क्र. ३०५) फुलांची सजावट संयत असावी आणि ती वेदीच्या पृष्ठभागावर न ठेवता वेदीभोवती असावी. आगमनकाळात ती बेताची असावी. प्रायश्चित्तकाळात वेदीला फुले वर्ज्य आहेत. चौथा रविवार, महोत्सव व सण हे अपवाद होत. फूल कापडी आहे म्हणून हा नियम शिथिल होत नाही. शिवाय उपासनेत वस्तूंचा खरेपणा जपावा, अशीही ह्या सूचनांची अपेक्षा आहे (क्र. २९२). म्हणून वेदीपाशी ताजी, खरी फुलेच अधिक उचित. वसईसारख्या फुलबागांच्या प्रदेशात ती शेतकऱ्याच्या कष्टांचीही भेट असतात. कापडी फुलांचे स्थान घरात, सभागृहात व भेटवस्तूंत आहे.

आणखी एक दक्षता घ्यावी. आशीर्वादित याजकीय वस्त्रे जीर्ण झाली तरी त्यांचे तुकडे शोभेसाठी वापरू नयेत. पवित्र वस्तूंना आदराने वागवावे व त्या लौकिक कामासाठी वापरू नयेत, असे कॅनन लॉ सांगतो (कलम ११७१). अशी वस्त्रे धर्मगुरूंच्या स्वाधीन करावीत.

यापो येथील टबीथा निधन पावली, तेव्हा गावातील विधवांनी पेत्राला तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे रडत रडत दाखविली (प्रेषितांची कृत्ये ९:३९). तिच्या सुईदोऱ्याने गरजूंची लाज राखली होती. धर्मग्रामातील महिला मंडळांनी एकत्र बसून अशी फुले केली आणि त्यांच्या विक्रीतून एखाद्या गरजू मुलाचा गणवेश शिवून दिला, तर टाकाऊ तुकड्यांचे खऱ्या अर्थाने सोने होईल. शिवाय एकाकी वृद्ध भगिनींना त्या निमित्ताने सोबत लाभेल, तो लाभ फुलांहूनही मोठा असेल.