जुन्या पिकअप गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर

पिंपळगांव बसवंतच्या बाजारांत टोमॅटो भरून निघालेली पिकअप गाडी रात्रीं कसारा घाट उतरते, पहाटे वाशीस रिकामी होते आणि दुपारीं घाट चढून परत येते. शहरांतील गृहिणीच्या पिशवींत पडणारा टोमॅटो पुष्कळदां अशाच गाडीनें आलेला असतो. पंधरा-वीस वर्षांची झालेली ही गाडी मागून डोलूं लागली, खड्ड्यांत आपटूं लागली, म्हणजे मालक गॅरेजांत जाऊन सांगतो, “सर्वांत कडक शॉकअप टाका.” बहुतेक वेळां चूक या मागणींतच असते.

गाडीचें ओझें शॉक ॲब्सॉर्बर उचलीत नाहीं. तें उचलतात पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या, वांकविलेल्या पोलादी पट्ट्या. टाटामोबाईल १९८८ सालीं निघाली, तिच्याहि मागील आंसाखालीं पाटेच होते, आणि आजच्या बहुतेक पिकअप गाड्यांत तीच रचना आहे. चाक खड्ड्यांत गेलें कीं पाटे वांकतात व उसळतात. झोका दिलेला झोपाळा जसा लगेच थांबत नाहीं, तशी गाडी वरखालीं हलत राहते. ही हालचाल मारणें एवढेंच शॉकचें काम. त्याच्या नळींत तेल असतें व तेलांत दट्ट्या. दट्ट्या सरकला कीं तेलाला बारीक छिद्रांतून व झडपांतून वाट काढावी लागते, आणि हालचालीची शक्ति उष्णतेंत जाते. खडबडीत रस्त्यावरून आलेल्या गाडीची नळी हाताला चटका देते ती यामुळेंच.

तेव्हां गाडी मागें बसली असेल, तर तिनें प्रथम पाटेवाल्याकडे जावें. नवे शॉक तिला उचलणार नाहींत. मात्र पाटेवाल्यानें एखादा पाटा वाढविला कीं गाडीची उंची बदलते, आणि येथें माप चुकण्याचा खरा धोका असतो. चासी उचलून चाकें लोंबत असतांना शॉकच्या दोन्ही टोंकांच्या छिद्रांमधील अंतर मोजावें. नवा शॉक त्याहून थोडा अधिक लांब ताणला गेला पाहिजे. तो आंखूड असेल तर चाक खालीं जातांना सारा हिसका त्यालाच बसतो व टोंकें तुटतात. उलट फार लांब असेल, तर भरली गाडी खड्ड्यांत दबली असतां रबरी ठोकळा लागण्यापूर्वींच दट्ट्या नळीच्या तळावर आपटतो. पाट्यांचें काम आधीं आणि शॉकची खरेदी नंतर, हा क्रम त्यासाठीं.

शॉकचे मुख्य प्रकार दोन. दुनळी प्रकारांत एका नळीभोंवतीं दुसरी असते. तेल फार घुसळलें गेलें कीं त्यांत फेंस येतो व विरोध मंदावतो. पुष्कळ शॉकमध्यें यासाठींच अल्प दाबाचा नायट्रोजन भरतात. एकनळी प्रकारांत वायु मोठ्या दाबाखालीं, तेलापासून तरत्या दट्ट्यानें वेगळा ठेवलेला असतो. ही कल्पना फ्रेंच अभियंता द कार्बों याची; जर्मनींतील बिलस्टाइन कंपनीनें १९५७ सालीं ती मर्सिडीज-बेंझ गाड्यांवर आणली. एकनळी लवकर निवते, घाटांत थकत नाहीं. परंतु ती महाग, आणि दगड लागून तिला पोंचा आला तर दट्ट्या अडकतो. दुनळीची बाहेरची भिंत तसा मार बरेचदां सोसते. शेतवाटेवर रोज जाणाऱ्या गाडीला चांगली दुनळीच बरी.

आतां कडकपणा. भरलेल्या गाडीला कडक शॉक मानवतो, पण तीच गाडी निम्मी वाट रिकामी चालते. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका, पाटे आधींच ताठ. त्यांत अति कडक शॉक बसविला तर खडबडीत रस्त्यावर चाक ठेंचकाळत उडूं लागतें. तें हवेंत असतां ब्रेक दाबून उपयोग काय? पावसांत, वळणावर, मागची बाजू घसरते ती अशी. म्हणून मूळ गाडीच्या मापाचा, फार तर किंचित् भारी शॉक घ्यावा.

जुना शॉक गेला कीं नाहीं हें ओळखण्यास गाडी दाबून सोडण्याची युक्ति सर्वत्र सांगतात. ती पिकअपला फारशी लागू नाहीं. पाट्यांच्या आपसांतील घर्षणानेंच गाडी थांबते आणि मेलेला शॉकहि जिवंत भासतो. नळीवरून तेल ओघळलेलें असणें, किंवा टायर जागोजागीं खोलगट झिजणें, या खुणा अधिक विश्वासार्ह. नुसता तेलाचा पुसट ओलावा दिसला म्हणून घाबरूं नये.

एका आंसावरील दोन्ही शॉक एकदम बदलावेत. दुनळी शॉक दुकानांत आडवा पडून राहिलेला असतो. तो उभा धरून चार-सहा वेळां पूर्ण ताणावा व दाबावा, म्हणजे आंतील हवा वर निघून जाते. बोल्ट शेवटचा आवळावा तो गाडी चाकांवर उभी असतांना. जॅकवर लोंबतांना आवळला, तर रबरी बुश पिळलेल्या स्थितींत अडकतें आणि थोड्याच दिवसांत फाटतें.