अम्मींची अकरा नावांची यादी

गेल्या वर्षी ईदनंतर आमच्या धाकट्या चाचांचे निधन झाले. मोमिनपुऱ्याच्या कब्रस्तानातून परतलो तेव्हा घर माणसांनी भरले होते. अमरावतीचे, अकोल्याचे, कामठीचे, कितीतरी जण. काही चेहरे आम्ही दहा-दहा वर्षांनी पाहत होतो. रात्री सगळे पांगल्यावर अम्मी म्हणाल्या, "मय्यतीला सगळे येतात. ज्याच्यासाठी येतात, तो तेवढा भेटत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वीजबिलाच्या पाठीमागे उर्दूत अकरा नावे लिहून कागद आमच्या हाती दिला. "यांना मला जिवंतपणी भेटायचे आहे. माझ्याही आणि त्यांच्याही." अम्मी ७४ वर्षांच्या. दोन्ही गुडघे गेलेले, रक्तदाबाची गोळी रोजची. आम्ही म्हटले, दिवाळीच्या सुटीत नेतो. दिवाळीची सुटी लागेपर्यंत त्या यादीतली दोन नावे अम्मींनी स्वतःच्या हाताने खोडली होती.

सिलह-रहमी, म्हणजे रक्ताची नाती जोडून ठेवणे, यावर आपल्याकडे जुम्याच्या बयानात पुष्कळ ऐकायला मिळते. म्हाताऱ्या माणसाने ती पाळायची तर त्याला गाडीत बसवून कोण नेणार, याची चर्चा मात्र होत नाही. ज्यांची नाती सर्वांत जुनी, त्यांनाच बाहेर पडण्यासाठी मुलांच्या रजेकडे पाहावे लागते.

गाडीचा प्रश्न पहिला होता. परदेशात लोक झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेले चाकांवरचे घर घेऊन महिना-महिना फिरतात. आपल्या महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे. शिक्षकाच्या पगारात ते भाड्याने घेणे जमणारे नव्हते. गंमत अशी की कॅरॅव्हॅन हा शब्द मुळात आपल्याच ओळखीचा: फारसीतला कारवाँ. तो इंग्रजीत गेला, तिथे त्याचे शेपूट तोडून 'व्हॅन' झाली आणि तीच व्हॅन आपल्या मुलांना शाळेत सोडते. आम्ही मेहुण्यांची सात आसनी गाडी मागून घेतली. मधल्या आणि मागच्या रांगेच्या एका बाजूच्या सीटा दुमडल्या की एका माणसाला पाय लांब करता येतील एवढी सपाट जागा होते. त्यावर गादी. गाडी चालू असताना मात्र अम्मी पुढच्या सीटवर, बेल्ट लावून. गादी फक्त थांब्यावर. या बाबतीत आम्ही त्यांचे काही ऐकले नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण ती कोणी लिहीत नाही. वयस्क बायका प्रवासाला नाही म्हणतात त्याचे कारण बहुतेकदा गुडघे नसते, लघवी असते. रस्त्यात जागा मिळणार नाही, मिळाली तर बसता येणार नाही, या भीतीने त्या आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. अम्मीही तेच करायच्या आणि मग चक्कर यायची. आम्ही घडीची कमोड खुर्ची, पाण्याचा मोठा कॅन, बादली आणि एक जाड चादर गाडीत टाकली. चादर गाडीच्या मागच्या दाराला अडकवली की आडोसा तयार. एवढी सोय पाहिल्यावर त्यांनी पाण्याची बाटली स्वतःहून मागितली. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घेतल्या होत्या.

पहिला दिवस उलट्या दिशेला, कामठीला. नागपूरपासून जेमतेम १६ किलोमीटर. १८२१ मध्ये इंग्रजांनी वसवलेली छावणी आणि पुढे १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकर कुटुंबांची वस्ती, असा या गावाचा इतिहास आम्ही वर्गात शिकवतो. अम्मींच्या शाळासोबतीण तिथे राहतात. सोळा किलोमीटर, आणि दोघींची भेट सहा वर्षांनी होत होती. यात रस्त्याचा दोष नाही, आमचाच आहे. दोघी चार तास बोलल्या, त्यातले तीन तास मेलेल्या माणसांबद्दल, आणि हसत हसत.

दुसऱ्या दिवशी फज्र पढून अमरावतीचा रस्ता धरला. पूर्वीचा सहा नंबरचा, आता ज्याला ५३ क्रमांक मिळालाय तो. कोंढाळी, तळेगाव, तिवसा. शेतांत कापूस फुटलेला, वेचणीला बायका लागलेल्या. अमरावतीत फुफींकडे दुपारचे जेवण, आणखी दोन घरे, यादीतली तीन नावे झाली. तिथल्या गप्पा सांगण्यासारख्या नाहीत. सगळ्या घरांत होतात तशाच, मुलांच्या नोकऱ्या आणि मुलींची स्थळे. संध्याकाळी आसेगाव मार्गे अचलपूर.

अचलपूर अम्मींचे माहेर. बरारच्या इमादशाहीची १४९० पासून राजधानी असलेले हे शहर. दुल्हा दरवाजा दिसला तशा अम्मी बोलायच्या थांबल्या. त्यांचे लग्न १९७३ चे. तेव्हा नवरी मुलगी अचलपूरहून शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूरला गेली. ७६ किलोमीटरचा तो अरुंद रूळ. ओढायला मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन, जे १९९४ पर्यंत चालले. आता गाडीच बंद आहे. अम्मी सांगतात, त्या दिवशी कोळशाची एक ठिणगी त्यांच्या ओढणीवर पडली होती आणि ते भोक त्यांनी कित्येक वर्षे रफू केले नाही.

मामूंनी दारात मिठी मारली. दालचा-चावल, मामींच्या हातचे. रात्री अम्मी ज्या खोलीत जन्मल्या त्याच खोलीत झोपल्या. दुसऱ्या दिवशी जुहरच्या वेळी खुर्चीवर बसून त्यांनी फर्जच्या चारऐवजी दोन रकात पढल्या. मामूंच्या नातीने विचारले, "दादी, दोनच का?" हनफी मसला असा की लग्न होऊन सासरी कायमची राहणारी मुलगी पंधरा दिवसांहून कमी मुक्कामासाठी माहेरी आली आणि अंतर सफरचे असेल, तर ती तिथे मुसाफिर ठरते. म्हणून कस्र. अम्मींनी तिला एवढेच सांगितले, "मी इथली पाहुणी आहे ना, बेटा."

मामू शेजारीच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. त्याचे कारण सांगायला हवे.

आमचे नाना २००९ मध्ये वारले. नानी आधीच गेल्या होत्या. मागे एक मुलगा, दोन मुली: मामू, अम्मी आणि आमच्या धाकट्या खाला. मालमत्ता म्हणजे हे घर आणि संत्र्याची बाग. सूरह निसामधला हिशेब सरळ आहे, मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे मामूंचा अर्धा, दोन्ही बहिणींचा पाव-पाव. वारसनोंदीला तिघांची नावे लागली. मग २०११ मध्ये हक्कसोडपत्राचा कागद आला. आपल्याकडे हा कागद कसा येतो ते वाचक-भगिनींना सांगायला नको. ईदला साडी येते, तिच्यासोबत येतो. कोणी जबरदस्ती करत नाही. "माहेर हवे की जमीन?" एवढाच प्रश्न हवेत असतो. अम्मींनी सही केली. खालांनी केली नाही. त्यांचे यजमान तेव्हा आजारी होते, दवाखान्याचा खर्च होता, त्यांना पाव हिस्सा खरोखर हवा होता. त्यांचे नाव सातबाऱ्यावर राहिले, पण बाग मामू कसत राहिले आणि उत्पन्नातला एक रुपयाही बाळापूरला पोचला नाही. पुढच्या वर्षी खालू गेले. मय्यतीला अम्मी गेल्या होत्या. खाला त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मामूंवर त्यांचा राग होताच, पण त्याहून मोठा राग बहिणीवर. दोघी मिळून उभ्या राहिल्या असत्या तर भावाला ऐकावे लागले असते. आपाने सही करून तिला एकटी पाडले.

तेव्हापासून आमच्या घरात बोलले जायचे की खालांनी नाते तोडले. आम्हीही तसेच बोलत आलो, वर्गात मुलांना इन्साफचे धडे देत असताना. आता वाटते, नाते तुटले ते कागद पुढे केला तेव्हा. खालांनी फक्त तसे बोलून दाखवले. वारसाने खरोखर स्वखुशीने हिस्सा सोडला तर ती त्याची मर्जी. पण जिला नाही म्हटल्यावर माहेर बंद होणार आहे, तिच्या सहीला स्वखुशी म्हणायचे का, हे घरातल्या पुरुषांनी स्वतःला विचारावे. आमच्यासकट. आम्हालाही एक बहीण आहे.

अम्मींनी जानमाज घडी करून मामूंना विचारले, "भाईजान, छोटीचा पाव हिस्सा कधी देणार?"

मामू म्हणाले, "तिचे नाव आहे ना उताऱ्यावर. मी काढले का?"

"नाव खाऊन पोट भरते का?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. मामू उठून बाहेर गेले. आम्हाला वाटले, आता या घराचेही दार बंद झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी अर्धे कॅरेट संत्री गाडीत ठेवली. म्हणाले, "बाळापूरला दे." नावही घेतले नाही.

अचलपूरहून आम्ही अंजनगाव, दर्यापूर करत मूर्तिजापूरला उतरलो. शकुंतलेचा रूळही याच गावांतून जातो. कुठे कुठे तो गवतात दिसायचा आणि अम्मी काच खाली करायला सांगायच्या. पुढे अकोला आणि मग बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला लांबूनच दिसतो. खालांना आम्ही फोन केला नव्हता. अम्मीच म्हणाल्या होत्या, फोन केला तर ती नाही म्हणेल आणि मग मला जाता येणार नाही.

खाला शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी सलामला जवाब दिला, खुर्ची पुढे सरकवली, पाणी आणले. अम्मी म्हणाल्या, "मी सही केली ते चुकले. तुला एकटी टाकली. माफ कर असे म्हणायला नाही आले, नुसते सांगायला आले." खालांनी मशीनवरचे कापड सोडले नाही. थोड्या वेळाने विचारले, "गाडीत काय आहे?" त्यांना वास आला असावा.

संत्री ओसरीत आणली. "अब्बांच्या बागेची?" आम्ही हो म्हटले. आम्हाला वाटले होते त्या एक तर घेतील, नाही तर परत पाठवतील. खाला जमिनीवर बसल्या आणि मोजायला लागल्या. ऐंशी भरली. वीस संत्री त्यांनी सुपात काढून ठेवली. "ही माझी." आणखी वीस मोजून अम्मींच्या ओट्यात टाकली. "तू सोडलीस, पण मी तुझी मोजणार." उरलेली चाळीस पुन्हा कॅरेटमध्ये भरली, वर वर्तमानपत्र घातले, सुतळी बांधली. "ही भाईजानची. त्यांना सांग, मला त्यांच्या वाट्यातले काही नको. माझ्या वाट्याचेही त्यांनी असेच मोजावे."

मग त्या स्वयंपाकाला लागल्या. रात्री दोघी बहिणी एका पलंगावर झोपल्या. बोलणे ऐकू येत होते, काय ते कळत नव्हते. सकाळी खालांनी अम्मींच्या गुडघ्यांना तेल लावून दिले. "परत ये" म्हणाल्या नाहीत. डबा मात्र दिला, आणि डबा परत करावा लागतो.

सिलह-रहमी म्हणजे आलेल्याकडे जाणे नव्हे, तोडणाऱ्याशी जोडणे, या अर्थाची हदीस बुखारी शरीफात आहे. आम्ही ती कितीदा ऐकली, आणि दर वेळी स्वतःला जोडणाऱ्यांच्या बाजूला धरून ऐकली.

शनिवार होता. सोमवारी शाळा उघडणार होती. बेत असा की मूर्तिजापूरहून उजवीकडे कारंज्याला जायचे आणि तिथे समृद्धी महामार्गावर चढायचे. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याने संध्याकाळपर्यंत आरामात नागपूर गाठता येते. यादीतली उरलेली दोन नावे वर्ध्याची होती, ती पुढच्या सुटीवर. मूर्तिजापूरच्या चौकात आम्ही उजवीकडचा दिवा लावला.

अम्मींनी मागे वळून कॅरेटकडे पाहिले. "संत्री नागपूरला नेणार का?"

"फोन करून सांगू मामूंना."

"मोजलेली चीज फोनवर पोचत नाही."

आम्ही डावीकडे वळलो. दर्यापूरला चहासाठी थांबलो तेव्हा त्यांनी स्वतःच मामूंना फोन लावला आणि जेवायला वाट पाहायला सांगितली. कशासाठी येतोय ते सांगितले नाही.