सरासरीत हरवलेली पेशी

जिल्ह्यात पावसाची सरासरी पूर्ण झाली, तरी एखाद्याचे शिवार कोरडे राहते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. रक्ताच्या अहवालाचेही असेच होते.

नागपूर परिसरात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या चुकीमुळे प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. गर्भातील बाळाच्या रक्तात असणारे ‘एफ’ हिमोग्लोबिन हे वाकणे रोखते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध प्रामुख्याने त्याचेच प्रमाण वाढवते. भारतीय रुग्णांत ‘एफ’ अनेकदा मुळातच जास्त असते. तरीही विदर्भातील कितीतरी मुले वेदनेने तळमळत रुग्णालयात येतात.

यामागचे एक कारण वाटपात आहे. समजा, दोन रुग्णांचे ‘एफ’ २० टक्के आहे. एकात ते बहुतेक पेशींत वाटलेले आहे, तर दुसऱ्यात काही पेशी भरलेल्या आणि बाकीच्या जवळजवळ रिकाम्या आहेत. अहवाल सारखाच, पण रिकाम्या पेशी वाकणारच.

एकेका पेशीची जनुके वाचणाऱ्या प्रयोगशाळेतील वरिष्ठ शास्त्रज्ञाचे काम नेमके इथे सुरू होते. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसते, म्हणून तिची घडण पाहायला अस्थिमज्जेतील कोवळ्या पेशी लागतात. नमुना काही तासांत, पेशी जिवंत असतानाच पोहोचावा लागतो. प्रत्येक पेशी तेलातल्या सूक्ष्म थेंबात वेगळी करून तिच्यातील आरएनएला तिचाच बारकोड लावतात. नंतर सगळे एकत्र वाचले, तरी कोणता संदेश कोणत्या पेशीचा, हे संगणक सांगतो. एका थेंबात दोन पेशी शिरल्या किंवा पेशी मेलेली असली, तर निष्कर्ष दिशाभूल करतो. अशी माहिती ओळखून बाजूला काढणे ही त्या शास्त्रज्ञाची खरी कसोटी असते. महागडा प्रयोग वाया गेला तरी ‘हा नमुना चालणार नाही’ म्हणण्याचे धैर्य लागते.

२०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरील पहिल्या क्रिस्पर उपचाराला मान्यता मिळाली. त्यात ‘एफ’ला आवर घालणाऱ्या ‘बीसीएल११ए’ जनुकाचे काम रक्तपेशींपुरते मंद केले जाते. हा बदल एकेका पेशीत जनुकाच्या एकाच प्रतीत झाला की दोन्ही प्रतींत, हे कळायलाही पेशी सुटी पाहावी लागते.

ही तपासणी अजून संशोधनाचीच आहे. रुग्णाने ती मागण्याची गरज नाही. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थांबवू नये, भरपूर पाणी प्यावे, लसी वेळेवर घ्याव्यात आणि ताप आल्यास घरी थांबू नये. लग्नाआधी दोघांनीही सिकलसेलची तपासणी करावी, कारण दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. आणि अहवालातला आकडा चांगला असूनही मूल दुखतेय म्हणत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.