घरातील प्रवाळ-टाकी : फिल्टर घेण्याआधी हिशेब मांडा

व्यापाराच्या पानावर मासे आणि प्रवाळ कशाला, असे काही वाचक बंधू विचारतील. उत्तर सरळ आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या बाजारात शोभेच्या माशांचा आणि टाकीच्या सामानाचा धंदा चालतो. हे सामान घेणाऱ्यांत आपल्यासारखे दुकानदारही आहेत. समुद्री टाकीचा शौक गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा महाग असतो, आणि त्यात सर्वांत जास्त पैसा चुकीच्या जागी जातो तो फिल्टरवर. कापडाच्या धंद्यात आम्ही ताग्यावरचे लेबल पाहून भाव करीत नाही, वीण पाहतो. फिल्टरच्या बाबतीतही खोक्यावरचे चित्र न पाहता आतले काम पाहावे.

फिल्टरने करावयाची तीन कामे

पहिले काम चाळण्याचे. उरलेले खाद्य, विष्ठा, तरंगणारा गाळ अडवायचा. दुसरे काम जिवाणूंचे. माशांच्या उत्सर्जनातून आणि सडणाऱ्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो अगदी थोडा असला तरी जीव घेतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट कमी विषारी असते, पण साठत गेले की शेवाळ माजते आणि प्रवाळ कोमेजतात. तिसरे काम रासायनिक. पाण्यात विरघळलेला पिवळेपणा कोळसा शोषून घेतो आणि फॉस्फेट लोहयुक्त दाणे धरून ठेवतात.

गोड्या पाण्याच्या टाकीत पहिली दोन कामे झाली की भागते. प्रवाळांचे तसे नाही. त्यांना नायट्रेट साधारण २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास लागते. म्हणून नुसता अमोनिया संपवणारा फिल्टर येथे अपुरा पडतो.

दगड हाच मुख्य फिल्टर

ही गोष्ट जगाला दाखवून दिली ती जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी. १९६१ साली त्यांनी लिहिले की समुद्रातला जिवंत दगड, नैसर्गिक पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगतात. पुढे १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स आणि बर्लिनच्या शौकिनांनी त्याला प्रोटीन स्किमरची जोड दिली. तीच 'बर्लिन पद्धत'. १९८६ साली अमेरिकेत जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी ठिबक फिल्टर लोकप्रिय केला. त्यात प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकत जाते. अमोनिया त्याने झटपट संपतो, पण नायट्रेट तसेच साठत जाते. त्यामुळे पुढे अनेकांनी त्या गोळ्या काढून टाकल्या आणि पुन्हा दगडाकडे वळले.

दगड श्रेष्ठ का? त्याच्या बाहेरच्या थरावर प्राणवायू घेणारे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. आतल्या बारीक छिद्रांत प्राणवायू कमी असतो, तेथे वेगळे जिवाणू नायट्रेट फोडून नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. विजेशिवाय दोन्ही कामे एकाच जागी. अट एकच : दगड सच्छिद्र हवा आणि त्याच्या चहूबाजूंनी पाणी वाहते हवे. दगडांची भिंत काचेला चिकटवून रचू नये.

बाजारातले प्रकार

टाकीच्या तळाखाली बसणारा जाळीचा फिल्टर सर्वांत स्वस्त, पण वाळूखाली घाण साठते. प्रवाळांसाठी तो घेऊच नये.

डब्याचा, म्हणजे कॅनिस्टर फिल्टर विक्रेते आग्रहाने दाखवतात. त्यात दोष नाही, पण तो दर आठवड्याला उघडून धुवावा लागतो. धुतला नाही तर अडकलेली घाण आतच सडते आणि नायट्रेट वाढवते. वीज गेल्यावर तर डबा बंद पडतो, आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही आणि काही तासांनी वीज आली की कुजके पाणी थेट टाकीत येते.

काचेला मागून टांगायचा फिल्टर लहान टाकीला सोयीचा. त्यात कापूस आणि कोळशाची थैली ठेवावी, आठवड्यातून दोनदा कापूस बदलावा.

संप म्हणजे टाकीखालची दुसरी टाकी. पाणी तिच्यात उतरते, स्वच्छ होते आणि पंपाने वर जाते. पाण्याचा एकूण साठा वाढतो, सामान लपते. पण वीज गेली की वरचे पाणी खाली येते, याचा हिशेब आधी करावा. ६० सेंमी लांब आणि ३६ सेंमी रुंद टाकीत पाणी १ सेंमी उतरले की २ लिटरहून अधिक पाणी खाली येते, ४ सेंमी उतरले तर साडेआठ लिटरांच्या पुढे. तेवढी जागा संपात रिकामी नसेल तर पाणी फरशीवर. 'नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह'वर भरवसा ठेवू नये. शंखकण अडकून तो उघडा राहतो.

प्रोटीन स्किमर फेस काढतो. चिकट सेंद्रिय घाण बारीक बुडबुड्यांना धरते, फेस वरच्या भांड्यात जमतो आणि आपण तो ओतून टाकतो. इतर फिल्टर घाण अडवून पाण्यातच ठेवतात, हा ती सडण्याआधी पाण्याबाहेर काढतो. शिवाय पाण्यात हवा मिसळते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, म्हणून हे यंत्र समुद्री टाकीतच नीट चालते.

कापडी पिशवीबद्दल

संपात पाणी उतरते तेथे कापडी पिशवी लावतात. हा आमच्या धंद्यातला विषय, म्हणून जरा सविस्तर. या पिशव्या साधारण १०० किंवा २०० मायक्रॉनच्या असतात. फेल्टची पिशवी बारीक गाळते पण लवकर तुंबते आणि धुवायला अवघड. नायलॉनच्या जाळीची पिशवी थोडे कमी गाळते पण नळाखाली उलटी करून मिनिटभरात साफ होते. रोजच्या कामाला जाळीच बरी.

काही जण पैसे वाचवण्यासाठी पिशवी घरी शिवतात. हरकत नाही, पण सुती कापड घेऊ नये, ते कुजते. रंगीत कापड नको. नव्या कापडावर कांजी आणि सॉफ्टनर असतो, जंतुरोधक फिनिश असेल तर तो टाकीतले जिवाणूही मारू शकतो. पांढरे, बिनफिनिशचे पॉलिएस्टर घेऊन गरम पाण्यात अनेकदा खळबळून घ्यावे. साबण, पावडर, नीळ काहीही लावू नये. पिशवी तीन-चार दिवसांनी धुतलीच पाहिजे. न धुतलेली पिशवी आणि न धुतलेला डबा यांत फरक नाही.

खर्चाचा ताळेबंद

६० × ३६ × ३६ सेंमीची टाकी ७७ लिटरांची. दगड-वाळू वजा जाता सुमारे ६५ ते ७० लिटर पाणी. आठवड्याला १० टक्के, म्हणजे ७ लिटर पाणी बदलले तर दर वेळी अंदाजे २६० ग्रॅम समुद्री मीठ लागते, वर्षाला साडेतेरा किलोच्या आसपास. २० वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला साडेचौदा युनिट. घेताना हा चालू खर्चही किमतीत धरावा.

याचा अर्थ असा की एवढ्या लहान टाकीत दोन क्लाऊन मासे आणि मऊ प्रवाळ असतील, तर सच्छिद्र दगड, पाणी फिरवणारा एक पंप, टांगता फिल्टर आणि दर आठवड्याचे पाणी बदलणे एवढ्यावर काम भागते. मासे वाढवायचे असतील किंवा दर आठवड्याला वेळ मिळणार नसेल तर स्किमर घ्यावा.

पाण्याकडे दुर्लक्ष नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. घरच्या आरओ यंत्रात अनेकदा चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळलेले असतात, त्यामुळे टीडीएस शून्यावर येत नाही. त्यापुढे डीआय रेझिनचे नळकांडे जोडून शून्य करावे. पितळी तोटी आणि तांबे असलेले औषध टाकीपासून दूर ठेवावे. तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाईंना मारते.

दुकानात टाकी ठेवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. रात्री दुकान बंद करताना आपण मेन स्विच पाडतो. फिल्टरची वायर त्याच स्विचवर असेल तर सकाळी मेलेले मासे पाहावे लागतील. वायर वेगळी काढावी आणि घरी असो वा दुकानात, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा.

कायद्याची बाजू

येथे नुकसान केवळ पैशाचे नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून दगडी, म्हणजे प्रवाळभित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्री घोडे आहेत. त्यांचा व्यापार करणाऱ्याला ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. २०२० साली मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळ हलवायचे होते, तेव्हा महापालिकेलाही या कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. मग आपली काय कथा? समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड' स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. कृत्रिम सच्छिद्र दगड घ्यावा, त्यावर जिवाणू आपोआप बसतात. प्रत्येक जीव पावतीवर घ्यावा. विक्रेता पावती देत नसेल तर तो सौदा सोडावा आणि शंका असल्यास वनखात्याकडे विचारावे.

खरेदीचा क्रम

आधी टाकी, दगड आणि शुद्ध पाण्याची सोय. मग पंप आणि टांगता फिल्टर. मग अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजण्याचे किट. टाकी चार ते सहा आठवडे माशांशिवाय चालवावी, अमोनियाचा थोडासा डोस देऊन जिवाणू वाढू द्यावेत. तो डोस एका दिवसात संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की पहिला मासा. स्किमर आणि संप त्यानंतर, गरज दिसली तर.

विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : हा फिल्टर घाण पाण्याबाहेर काढतो की आत साठवतो, आणि साठवत असेल तर तो किती दिवसांनी धुवायचा? ज्याला याचे नीट उत्तर देता येते, त्याच्याकडूनच माल घ्यावा.