एकादशीची भगर

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उपास करणाऱ्यांची थट्टा करण्यासाठी जन्माला आली. पंढरपुरात मात्र तिच्याकडे थोडे गांभीर्याने पाहावे लागते. एरवी या गावात हजार चुली हजार तऱ्हांनी पेटतात. कुठे पिठले-भाकरी, कुठे वरण-भात. एखाद्या घरचे अन्न बिघडले, तर त्याचा ताप त्या घरापुरता राहतो. एकादशीला तसे होत नाही. त्या दिवशी आषाढी-कार्तिकीचे लाखो वारकरी एकाच वेळी एकच पदार्थ खातात: भगर, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी. एकाच दुकानातले पोते, एकच कढई आणि पुढे शेकडो पत्रावळी! पोत्यात दोष असेल, तर तो पंगतीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतो.

२०२३ च्या माघवारीत पंढरपुरातल्या एका मठात भगर आणि आमटी खाल्ल्यानंतर शंभराहून अधिक भाविकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. पुढच्या वर्षी ६ फेब्रुवारीला नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत धार्मिक कार्यक्रमातल्या प्रसादानंतर सुमारे दोन हजार माणसे आजारी पडली. त्यानंतर चौदाच दिवसांनी बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, सोमठाण्याला तेच घडले. खाटा अपुऱ्या पडल्या, तेव्हा दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. आता पंचांग उघडून पाहावे. या तिन्ही पंगती एकादशीच्या होत्या. हा निव्वळ योगायोग म्हणायला मन धजत नाही.

विषबाधा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गाड्यावरची भजी आणि त्यांवर घोंगावणाऱ्या माश्या येतात. माश्या निर्दोष आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण उपासाच्या पदार्थातला शत्रू बहुधा असा दिसणारा नसतो. भगर, म्हणजे वरईचे तांदूळ, ओलसर जागी साठवले तर त्यांवर बुरशी धरते. ॲस्परजिलस कुळातल्या बुरशा काही विषारी द्रव्ये तयार करतात आणि त्यांतली कित्येक उष्णतेला दाद देत नाहीत. बुरशी शिजते, तिने टाकलेले विष शिजत नाही. अशी भगर खाल्ल्यावर मळमळ, उलट्या, चक्कर, अंगाला कंप असा त्रास होतो. भगरीचे पीठ तर आणखी घातक. दळल्यावर ते हवेतला ओलावा चटकन शोषते, आणि सुटे विकत घेतलेले पीठ कधी दळले ते दुकानदारालाही ठाऊक नसते. जोडीला आमटीत शेंगदाणे असतात. त्यांनाही याच कुळातली बुरशी लागते. खवट दाणा तोंडात येताच आपण थुंकतो. पण कूट करून आमटीत उकळलेला खवटपणा कळायचा कसा?

भगरीच्याच जातकुळीतल्या एका भरड धान्याने काय अनर्थ केला, ते २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगडच्या जंगलात दिसले. तिथे दहा हत्ती मेले. त्यांनी शेतातला कोदो, म्हणजे आपल्या कोकणातला हरीक, भरपूर खाल्ला होता. तपासणीत त्यांच्या शरीरात सायक्लोपियाझोनिक ॲसिड हे बुरशीजन्य विष सापडले. हत्तीने खाल्ले किती आणि माणूस खातो किती, हा फरक आहेच. पण टनावारी वजनाच्या जनावराला जे आडवे करते, ते चाळून-निवडून घ्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट वेळेची. मोठ्या पंगतीचा स्वयंपाक पहाटेच्या आधीच उरकतो आणि तपेली झाकून ठेवली जातात. आमटी खळाखळा उकळली, म्हणजे ती निर्मळ झाली, असा आपल्या आचाऱ्यांचा पक्का समज. पण काही जिवाणू बीजाणूच्या रूपाने उकळीतूनही तगतात. दोनशे माणसांचे तपेले निवायला कित्येक तास लागतात आणि ते कोमट असतानाच हे बीजाणू जागे होऊन वाढू लागतात. साठ अंशांच्या वर कढत असलेले अन्न सुरक्षित, चांगले थंड केलेलेही सुरक्षित. मधली कोमट अवस्था वाईट. वाढणाऱ्याच्या बोटावर पिकलेले गळू असेल, तर स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू अन्नात उतरून विष सोडतो. ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणूनच उलटी कधी झाली हे डॉक्टर आवर्जून विचारतात. जेवल्यावर दोन-चार तासांत झाली तर आधीच तयार झालेल्या विषाचा संशय. जुलाब दुसऱ्या दिवशी सुरू झाले तर पोटात वाढलेल्या जंतूंचा.

पंढरीचा जुना प्रसाद पाहा. चुरमुरे, फुटाणे, बत्तासे, लाह्या. सगळे कोरडे! ज्यात पाणी नाही, त्यात जंतू वाढत नाहीत. गोपाळपूरचा पौर्णिमेचा काला ओला खरा, पण दह्याचा आंबटपणा पुष्कळ जंतूंना वाढू देत नाही. पूर्वजांनी हे जाणून केले असा दावा मी करणार नाही. वाटेत टिकेल ते त्यांनी बरोबर घेतले, एवढेच. आज दात्यांची संख्या वाढली, ही आनंदाची गोष्ट. मात्र दान ओले झाले आणि मोठ्या भांड्यांतले झाले.

धार्मिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यांनाही अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांत नोंदणी सांगितलेली आहे, हे अनेक मंडळांच्या गावीही नसते. देवाच्या कामाला परवाना कसला, असे ऐकू येते. ज्याला पंगतीत बसून दुखणे आले, तो वारकरीही बोलत नाही. प्रसादाला नावे ठेवायची कशी? शिवाय दर्शनरांगेतली जागा जाईल ही भीती. साठी-सत्तरीचा माणूस निर्जळी उपास मोडायचा नाही म्हणून जलसंजीवनीचा पेला परत करतो आणि संध्याकाळी ग्लानीत सापडतो. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्याने त्याचा जीव वाचू शकतो.

आणि चौकशीचे पथक येते, तेव्हा तपेली घासून पालथी घातलेली असतात. उरलेली भगर गाईंना घातलेली असते, पिशव्या कचऱ्यात गेलेल्या असतात. तपासायला काहीच उरत नाही. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून दोन दिवस शीतपेटीत ठेवली आणि भगरीच्या पिशवीवरचा छापील कागद जपला, तरी दोष धान्याचा, पाण्याचा की हातांचा, ते कळेल. ते कळले नाही तर त्याच पोत्यातली उरलेली भगर पंधरा दिवसांनी, पुढच्या एकादशीला, दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या सप्ताहात शिजते.