लिंग ठरतं कसं, निवडतात कसं?

स्त्रीबीजात नेहमी ‘एक्स’ गुणसूत्र असतं, शुक्राणूत ‘एक्स’ किंवा ‘वाय’. म्हणजे मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर ठरतं. बोल मात्र सुनेला लागतो.

प्रयोगशाळेत शरीराबाहेर अनेक बीजं फलित करतात. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढून गुणसूत्रं तपासतात. आनुवंशिक आजार टाळायला हे उपयोगी आहे. पण मुलगा हवा म्हणून तपासलं, तर मुलगा घडत नाही. मुलीचे भ्रूण फक्त वगळले जातात.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्रीय कायद्याने २००३ पासून गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही बंदी घातली. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४.

गुणसूत्रं शिकवताना हे आकडेही फळ्यावर लिहूया.