कुलाब्याचा आकडा

२ सप्टेंबर १८५९, सकाळी अकराचा सुमार. कुलाब्याच्या वेधशाळेत कोणीतरी दुर्बिणीला डोळा लावून टांगलेल्या चुंबकाची नोंद घेतंय. एरवी तासाला एक नोंद पुरायची; आज आकडा एका जागी ठरेना, म्हणून दर काही मिनिटांनी. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक घसरत घसरत सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला.

१,६०० म्हणजे किती? काहीच नाही, म्हणा ना! नॅनोटेस्ला हा टेस्लाचा अब्जावा भाग. फ्रिजच्या दारावर किराणाची यादी धरून ठेवणारा चुंबक याच्या काही हजार पट जोरदार. मुंबईतल्या क्षेत्राचे जेमतेम चार टक्के गेले. पण फ्रिजच्या चुंबकाचा जोर दोन बोटांवर संपतो. हा धक्का अख्ख्या पृथ्वीला बसला. आणि क्षेत्र हललं की लांबलचक तारांत वीज खेळू लागते. १८५९ मध्ये तारा होत्या त्या तारायंत्राच्याच. १३ मार्च १९८९ला अशाच एका चुंबकीय वादळात कॅनडातल्या क्यूबेकचं वीजजाळं दीड मिनिटात बसलं, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. त्या वादळाचा जागतिक निर्देशांक होता उणे ५८९ नॅनोटेस्ला. (तो तासाभराची सरासरी, कुलाब्याचा आकडा एकाच ठिकाणचा, दोन्ही एका तराजूत घालू नयेत.)

याच कुलाब्याला पुढे विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी १९०४ पासून अलिबागला हलवाव्या लागल्या. ट्रामची वीजसुद्धा या उपकरणांना सोसत नाही, इतकं हे नाजूक प्रकरण.

हे धक्के येतात सूर्याकडून. मग त्यांचं भाकीत करता येतं का? अर्धंच. १८५९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यडागांवर भडका दिसला, आणि साडेसतरा तासांत सूर्यातून सुटलेला भारित वायूचा ढग इथे. १५ कोटी किलोमीटर! सेकंदाला जवळपास २,४०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्ली अर्ध्या सेकंदात. असा ढग निघताना आज यानांना दिसतो, कधी पोचेल याचा अंदाजही बांधता येतो. मात्र त्याच्या पोटातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलंय की उत्तरेकडे, हे लांबून नीट कळत नाही. उत्तरेकडे असेल तर पृथ्वी बऱ्यापैकी वाचते. दक्षिणेकडे असेल तर तो पृथ्वीच्या क्षेत्राला भिडतो. खात्री होते ती ढग आदित्य-एल१ सारख्या यानावरून गेल्यावर, आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर.

१८५९च्या त्या वेगाने हे अंतर कापायला लागतात साडेदहा मिनिटं. चर्चगेटहून सुटलेली धीमी लोकल तेवढ्यात मुंबई सेंट्रलच्या आसपास असते.